आईची दावण

आई माळ्यावर चढली होती आणि मी खाली शिडी धरून उभी होते. रविवार होता. वरून जुनी मासिकं, बिघडलेला पंखा, माझं शाळेतलं दप्तर असं एकेक खाली येत होतं, आणि प्रत्येक वस्तूबरोबर आईचा एक शेराही.

"हे घे दप्तर. आत अजून अर्धं सफरचंद असेल. उघडू नकोस, त्याला आता जीव आला असायचा."

मग धुळीचा लोट उठला आणि आई शिंकली. एकदा, दोनदा, मग लागोपाठ.

"झालं. आता फोन करावा लागणार," ती म्हणाली.

ती उतरली, हात धुतले आणि खरंच केंद्राला फोन लावला. "मी बोलतेय, व्यायामाच्या बाई. उद्या माझी या फेरीची शेवटची तपासणी आहे ना? मला शिंका आल्यात. नाही, ताप नाही. नाक थोडं वाहतंय. बरं. मग पुढच्या सोमवारी येते."

"आई, ती धुळीची शिंक होती."

"शिंक ती शिंक. काहीही झालं तरी कळवा म्हणालेत. धुळीची का सर्दीची, ते ठरवतील."

"माणूस आपल्या नाकाबद्दल एवढं तरी ठरवू शकतो."

"पंडितबाई, तुमचं नाक तुमच्यापाशी ठेवा आणि तो पंखा बाजूला घ्या."

आई शाळेत व्यायाम शिकवायची आणि गेलं दीड वर्ष त्या केंद्रात विष्ठादान करायची. हे वाक्य मी आता सहज लिहिलं. तोंडाने ते मी कधी उच्चारलं नव्हतं. मी ग्रंथालयात काम करते, दिवसभर शब्दांच्याच संगतीत असते, पण कुणी आईबद्दल विचारलं तर म्हणायची, "ती एका संशोधनात मदत करते." मावशीला वाटायचं, आई रक्तदान करते. मी तो गैरसमज तसाच राहू दिला होता. आईला मात्र काही वाटायचं नाही. ती बसथांब्यावरही सांगायची, "मी शी देते. माझी पास झालीये. शंभरातली दोन-चार माणसं पास होतात." समोरचा माणूस एक पाऊल मागे सरकायचा आणि मी वेळापत्रक वाचायला लागायचे.

ते काम मला तिनेच समजावलं होतं, स्वयंपाकघरात, कांदा चिरता चिरता. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू नांदत असतात आणि त्यांच्या जिवावर आपण जगतो. मोठ्या आजारात प्रतिजैविकांचा मारा झाला की वाईटाबरोबर चांगलेही मरतात. मग ओसाड पडलेल्या जागेत एखादा गुंड जंतू घुसतो. जुलाब सुरू होतात. औषध दिलं की थांबतात, औषध बंद केलं की परत सुरू. माणूस झिजत जातो, काही वेळा दगावतो. अशा वेळी निरोगी माणसाची विष्ठा घेऊन, मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, बरण्यांत भरून उणे ऐंशी अंशांवर गोठवून ठेवतात आणि रोग्याच्या आतड्यात सोडतात. नवी वस्ती रुजते. गुंड हुसकावला जातो.

"मग ते बाजारातले डबे, बाटल्या, गोळ्या? चांगले जंतू म्हणून विकतात ते?"

"ते म्हणजे दोन-चार जातींची जनावरं. मी अख्खी दावण देते," आई म्हणाली होती. तेव्हापासून आमच्या घरी तोच शब्द. केळं, कांदा, लसूण, ओट, डाळी, साल न काढलेली फळं ही सगळी वैरण. प्रोबायोटिक म्हणजे जनावरं, प्रीबायोटिक म्हणजे वैरण, असं ती दहावीच्या मुलांनाही सांगायची. मुख्याध्यापकांनी तिला एकदा बोलावून घेतलं होतं, म्हणे.

त्या रविवारी जेवताना तिने माझ्या ताटाशेजारची गोळ्यांची पाकिटं उचलून पाहिली. माझी दाढ ठणकत होती आणि दंतवैद्याने प्रतिजैविकं दिली होती. सोबत चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल.

"ही पहिली घे, पुरी कर, अर्धी सोडू नकोस. या दुसऱ्या कशाला?"

"पोट बिघडू नये म्हणून."

"केंद्रातल्या डॉक्टर म्हणत होत्या, आता यावर शंका निघालीये. औषधानंतर बाहेरचे भाडेकरू आणून बसवले की घरच्यांना परत यायला उलट उशीर लागतो म्हणे. निदान काही जणांत तरी." तिने केळं माझ्या ताटात ठेवलं. "तुझ्या दावणीत सध्या शुकशुकाट. वैरण घाल, हळूहळू येतील. मूळची माझीच जनावरं आहेत ती, वाट विसरायची नाहीत."

"म्हणजे?"

"जन्मताना तुला काय फुकट मिळालं वाटतं? पहिली वस्ती आईकडूनच येते."

मी नंतर त्यावर वाचलं होतं. काही जाती आईकडून मुलात जातात आणि पुढे कितीतरी वर्षं टिकतात. पण तेव्हा मी फक्त म्हणाले, "आई, जेवताना नको."

ती हसली. संध्याकाळी तिने शिटी घासून ठेवली, बुटांना पॉलिश केलं आणि माळ्यावरून निघालेला पंखा दुरुस्त होईल का यावर माझ्याशी वाद घातला. तो दिवस तेवढाच होता.

सोमवारी सकाळी ती शाळेच्या मैदानावर पडली. शिटी तोंडात होती. पहिले काही क्षण मुलांना वाटलं, बाई नवीन व्यायाम दाखवतायत. दोघं-तिघं तिच्यासारखेच आडवे झाले. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. रुग्णालयात नेल्यावर रक्त काढलं, नळ्या लावल्या, आणि दुपार व्हायच्या आत सगळं संपलं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं माझ्यापाशी फार नाही. माणसं येत होती. मावशी घरात वावरत होती आणि आईचे बूट उचलून पुन्हा तिथेच ठेवत होती. कुणीतरी विचारलं, "त्या रक्तदानही करायच्या ना?" मी मान हलवली.

पुढच्या सोमवारी सकाळी आईचा फोन वाजला.

"बाई, येताय ना? शिंका थांबल्या का?"

केंद्रातल्या परिचारिकेचा आवाज होता. मी तिला सांगितलं.  मग ती रडायलाच लागली, आणि मी तिला समजावलं. अनोळखी माणसाचं दुःख सांभाळायला मला तेव्हा जमत होतं.

फोन ठेवता ठेवता मी सहज विचारलं, "तिच्या बरण्या आहेत ना तुमच्याकडे?"

"आहेत. पण त्या..." ती थांबली. "तुम्हाला नियम माहीत असेल."

मला माहीत होता. आईनेच सांगितला होता. दात्याने दिलेलं लगेच वापरत नाहीत. काही रोग रक्तात उशिरा दिसतात. म्हणून प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक तपासणी, मग दोनेक महिने दान, मग शेवटी पुन्हा तपासणी. तोवर सगळ्या बरण्या फ्रीजरमध्ये अडकवून ठेवतात. "दोन्ही टोकांना गाठ असेल तर माळ," आई म्हणायची. "एक गाठ राहिली की मणी घरंगळले."

शेवटची गाठ शिंकेमुळे राहिली होती.

मी मावशीला काहीतरी कारण सांगितलं आणि निघाले. बसमध्ये बसल्यावर कळलं की पायांत दोन वेगळ्या चपला आहेत.

केंद्र त्याच रुग्णालयाच्या आवारात, मागच्या इमारतीत होतं. लांबट कॉरिडॉर, बाकं, एका बाजूला प्रयोगशाळेची काचेची भिंत. काचेतून फ्रीजर दिसत होता, कपाटाएवढा, त्यावर लाल आकडा: उणे ऐंशी. त्यात आई होती. हा विचार मूर्खपणाचा आहे हे मला कळत होतं. जंतू म्हणजे आई नव्हे. पण तिचा चष्मा, तिची शिटी, तिचे कपडे, घरात होतं ते सगळं निर्जीव होतं. जिवंत असं जगात एवढंच उरलं होतं, आणि ते त्या दाराआड होतं.

बाकावर एक माणूस बसला होता. मांडीवर धुतलेल्या चादरींची पिशवी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्याने सरकून जागा दिली.

"तुमचं कोण आहे आत, ताई?"

"आई," मी म्हणाले.

"माझी बायको. वरच्या मजल्यावर. तिसऱ्यांदा दुखणं उलटलंय. चाळीस किलोची राहिलीये. चादरी मीच धुतो, इथल्या चादरी तिला टोचतात." त्याने माझ्या चपलांकडे पाहिलं. "गुरुवारी देणार आहेत तिला ती... बरणी. मी कुलूपवाला आहे. गावातलं कुठलंही कुलूप सांगा, उघडून देतो. हा एवढा फ्रीजर सोडून." तो हसला. दाढी कितीतरी दिवसांची वाढलेली होती.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. आईच्या वयाच्याच होत्या. त्यांनी आधी पाण्याचा पेला पुढे केला, मग म्हणाल्या, "बाई आमच्या सगळ्यात चांगल्या दात्या होत्या. सगळ्यात विनोदीही. डबा देताना म्हणायच्या, 'घ्या, आजचा गृहपाठ.'"

"तिच्या बरण्यांचं काय करणार?"

"नष्ट कराव्या लागतील."

"वर माणसं मरतायत आणि तुम्ही नष्ट करणार?"

"मला माहीत आहे वर कोण आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमचे दातेच मोजके. एकाला अन्नातून विषबाधा झाली, एक परदेशी आहे. आधीच्या बरण्या संपल्यात. एका दुसऱ्या केंद्राकडे मागणी केलीये, गोठवलेला माल यायला वेळ लागतो. पण तपासणी न झालेलं मी कुणाच्या पोटात घालू शकत नाही. तसं केल्याने पूर्वी माणसं गेलेली आहेत."

"ती आजारी नव्हती. तिला धुळीने शिंक आली होती."

"मला पटतंय. पण पटणं म्हणजे तपासणी नव्हे."

मी टेबलाची कड धरली. मग एकदम आठवलं. "तिचं रक्त काढलं होतं. इथेच, त्या सकाळी. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नळ्या ठेवतात ना काही दिवस?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन उचलला. "आठवडाभर ठेवतात," त्या फोन कानाला लावून मला म्हणाल्या. "म्हणजे आज जातील. विष्ठेची तपासणी उरतेच, ती ताज्या नमुन्यावरच करतात, म्हणजे आता होणार नाही. पण आधी रक्त तर मिळू दे. मग समितीपुढे ठेवते."

फोन कुणी उचलत नव्हतं. मी आवार ओलांडून पळाले. एक चप्पल वाटेत निघाली, ती हातात घेतली. रुग्णालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत एक तंत्रज्ञ पिवळ्या पिशवीत नळ्या रिकाम्या करत होता.

"थांबा!" मी ओरडले. आयुष्यात मी एवढ्या मोठ्याने ओरडले नव्हते. ग्रंथालयात काम करणारी बाई.

"अहो, काय झालं? आग लागली का?"

"गेल्या सोमवारच्या. गेल्या सोमवारच्या नळ्या टाकल्या का?"

"तेच चाललंय ना. अर्ध्या गेल्या." माझ्या हातातली चप्पल पाहून तो एक पाऊल मागे गेला. "मारणार बिरणार नाही ना?"

मी आईचं नाव सांगितलं. तो रॅकवर बोट फिरवू लागला, पुटपुटत, फार सावकाश. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या आईचं रक्त कचऱ्यात गेलेलं नसावं एवढंच मागत होते. कुणाकडे मागत होते, ते ठाऊक नाही.

"ही बघा," तो म्हणाला. "नशीब. पुढचा हात तिच्यावरच होता."

नळी लहान होती. रक्त तळाशी काळसर बसलेलं, वर पिवळट पाणी. तिचं नाव कागदावर छापलेलं. नळी मला हातात मिळाली नाही, मिळणारही नव्हती. डॉक्टरांचा शिपाई येऊन ती बर्फाच्या डब्यातून घेऊन गेला. मी त्याच्या मागोमाग चालत राहिले, वरातीमागून घोडं तशी.

बाहेर येताना डॉक्टर भेटल्या. म्हणाल्या, "एक सांगू का? बाईंनी आधी दिलेलं सगळं वापरलं गेलंय. या शहरात कितीतरी माणसांच्या पोटात ते आज नांदतंय." त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं. मी बसथांब्यावर उभी राहून माणसांकडे पाहत राहिले. एक म्हातारा, एक पिशवीवाली बाई, एक मुलगी कानात गाणी घालून. कुणाच्याही आत असू शकली असती. मला त्यातलं कुणीच नको होतं. मला ती हवी होती.

बुधवारी पुन्हा गेले. रक्त स्वच्छ निघालं होतं. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, झालं. पण त्या बसा म्हणाल्या.

"समितीने नाही म्हटलं. रक्तावरून अर्धंच कळतं. औषधांना न जुमानणारे जंतू ताज्या विष्ठेतच तपासावे लागतात, गोठवलेल्या बरण्यांवरची तपासणी नियमात बसत नाही. शेवटचं दान आणि मृत्यू यांच्यात काही दिवस गेले होते, म्हणजे ताजा नमुना नाहीच. मीही बाजूने मत दिलं नाही, खोटं सांगत नाही."

"मग माझी घ्या," मी म्हणाले.

"काय?"

"माझी. तिच्या काही जाती माझ्यात असणार. मी वाचलंय. आईकडून येतात त्या वर्षानुवर्षं राहतात. माझी तपासणी करा, आजपासून सुरू करा. मी काहीही खाईन, रोज येईन. वरच्या बाईंना उशीर होईल, पण पुढच्या कुणाला तरी..." मी हाताची बाही वर सारली. "तिचं काहीतरी राहील."

डॉक्टरांनी पेन उचललं आणि नेहमीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. मला वाटतं, मला शांत करायलाच. वजन. प्रवास. आजार. मग: "गेल्या काही महिन्यांत प्रतिजैविकं घेतलीत?"

दाढ अजून थोडी दुखत होती. मी जिभेने ती चाचपली.

"गेल्या आठवड्यात संपली," मी म्हणाले. "तीच म्हणाली, पुरी कर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सहा महिन्यांनी या," त्या म्हणाल्या. "खरंच या. परत येतात पुष्कळशा जाती."

"तिच्याच येतील का?"

"ते कुणीच सांगू शकणार नाही."

मी कॉरिडॉरमध्ये आले. काचेपलीकडे तंत्रज्ञ मुलीने जाड निळे हातमोजे घातले होते आणि फ्रीजरचं दार उघडलं होतं. पांढरी वाफ जमिनीवर सांडत होती. ती एकेक बरणी काढून ट्रेमध्ये ठेवत होती. बरण्या लहान होत्या, तपकिरी, कडेला बर्फ धरलेला. नाव नव्हतं, फक्त क्रमांक. शेजारी निर्जंतुकीकरणाचं यंत्र तोंड उघडून तयार होतं. तिथे वाफेच्या दाबाखाली काहीच जिवंत राहत नाही. तेवढ्यासाठीच ते असतं.

बाकावर कुलूपवाला होता. त्याने आज जागा दिली नाही, मला पाहिलंही नाही. चादरींची पिशवी पायांशी पडली होती. तो काचेकडे बघत बोलत होता, मला उद्देशून की कुणालाच नाही, कळत नव्हतं.

"उद्याचं रद्द केलं. दाता म्हणे शेवटच्या तपासणीला आला नाही. बास, एवढंच सांगतात. आला नाही! एक सुई टोचून घ्यायला आला नाही. ती वर पाणीसुद्धा ठेवू शकत नाही पोटात, आणि हा कुठे फिरत असेल, सिनेमाला गेला असेल. अहो, शी तर द्यायची होती! रोज फुकट वाहून जाते ती! तेवढंही जड झालं?" त्याने किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळला. "असल्या नालायक माणसाच्या पोटात चांगलं काय असणार म्हणा. बरं झालं नाही दिली ते."

मला नियम माहीत होता. दाता कोण ते सांगायचं नसतं. तो आत बसलेल्या डॉक्टरांसाठी होता, आईसाठी होता. माझ्यासाठी होता की नाही, याचा मी विचार केला नाही. आत मुलीने शेवटची बरणी ट्रेमध्ये ठेवली.

"ती फिरत नव्हती," मी म्हणाले.

त्याने मान वळवली.

"कोण?"

आत ती तंत्रज्ञ मुलगी थांबली. वरच्या मजल्याच्या जिन्यावरून एक म्हातारं जोडपं उतरत होतं, तेही थांबलं. माझा आवाज मोठा निघाला असावा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाईल असा. तो माझा नव्हता. घरात तसा एकच आवाज होता.

"माझी आई," मी म्हणाले. "ती शाळेत व्यायाम शिकवायची. तिला धुळीने शिंक आली, ती तिने कळवली, म्हणून तपासणी पुढे गेली, आणि दुसऱ्या दिवशी ती मेली. नाहीतर ती आली असती. ती कधी चुकली नव्हती. माझी आई शी दान करायची. ऐकलंत? शंभरातली दोन-चार माणसं पास होतात. माझी आई पास झाली होती."